रस्त्याच्या पोटातला उजेड

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर विजेच्या ट्रामगाड्या धावत, पण त्यांच्या डोक्यावर तारा नसत. रस्त्यांवरून ट्रामच्या तारा नेण्याला त्या बेटावर मनाई होती, म्हणून वीज जमिनीखाली उतरवली होती. दोन रुळांच्या मधोमध एक अरुंद फट असे. फटीखाली लांबच लांब पोकळी, आणि त्या पोकळीत वीज वाहणाऱ्या पट्ट्या. गाडीच्या तळातून एक पातं फटीवाटे खाली जाई, पट्ट्यांना घासत राही आणि गाडी चाले. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नसे. दिसे ती फक्त फरसबंदीतली एक काळी रेघ. मात्र त्या रेघेत कुणी धातूची लांब वस्तू खुपसली, तर ठिणग्यांचा डोंब उसळे आणि क्षणभर रस्ता पांढराफटक होई.

आठ वर्षांचा एक मुलगा हा उजेड पाहतो. गल्लीतली दांडगी पोरं त्याला धाक दाखवून पत्र्याची तलवार त्या फटीत घालायला लावतात. तो भेदरून पळत सुटतो, पण पाहिलेलं डोळ्यांपुढून हलत नाही. कारण हिब्रूच्या शाळेत त्यानं नुकतीच यशया संदेष्ट्याची कथा ऐकलेली असते. देव समोर दिसतो आणि यशया हवालदिल होतो, आपले ओठ अशुद्ध आहेत म्हणून. तेव्हा एक देवदूत वेदीवरचा धगधगता निखारा चिमट्यानं उचलतो, त्याच्या ओठांना लावतो आणि त्याला शुद्ध करतो. मुलाच्या मनात ही कथा आणि तो रस्ता एकमेकांना चिकटतात. देवाचा निखारा ट्रामच्या रुळांमध्ये आहे, अशी त्याची खात्री पटते. ती कथा पुन्हा वाचायला मिळावी म्हणून तो शाळेच्या बंद खोलीत खिडकीतून शिरतो आणि पकडला जातो. असा उजेड आपण पाहिला, असं तो सांगतो तेव्हा शाळेत शिकवणारा म्हातारा रब्बी पोट धरून हसतो. देवाचा उजेड ट्रामच्या रुळांत कुठून येणार?

ही हेन्री रॉथ या लेखकाची पहिली कादंबरी, ‘कॉल इट स्लीप’. १९३४च्या अखेरीस ती न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाली, थोडी गाजली आणि विस्मरणात गेली. तीस वर्षांनी, १९६४ मध्ये, ती स्वस्त कागदी बांधणीत पुन्हा निघाली आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तक तेच होतं. लेखक जिवंत होता, आणि मधल्या काळात त्यानं दुसरी कादंबरी छापलेली नव्हती. एखादं पुस्तक मरतं म्हणजे नेमकं काय होतं, आणि ते उठून बसतं ते कुणाच्या हातांनी, हे समजून घ्यायला माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही.

आधी पुस्तकात काय आहे ते सांगायला हवं, कारण समीक्षकांनी नंतर जी तोंड भरून स्तुती केली, तिची मुळं तिथेच आहेत.

कथानक म्हणावं तर फार थोडं. १९०७च्या मे महिन्यात गेन्या नावाची बाई कडेवरच्या मुलाला घेऊन न्यूयॉर्कच्या बंदरात उतरते. हे साल कादंबरीत मुद्दाम येतं. त्या एका वर्षात एलिस बेटावरच्या तपासणी केंद्रातून दहा लाखांहून अधिक माणसं अमेरिकेत शिरली, आणि हे दोघं त्या लोंढ्यातले दोन थेंब. नवरा आल्बर्ट आधीच येऊन राहिलेला. बायकोला घ्यायला तो आला आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही. मुलाच्या डोक्यावर परदेशी वाटणारी टोपी आहे. तो ती हिसकतो आणि पाण्यात भिरकावतो. बस, एवढीच प्रस्तावना. पुढची चारशेहून अधिक पानं या बापाच्या रागाच्या सावलीत जातात.

मुलाचं नाव डेव्हिड. बाप आधी छापखान्यात, नंतर दुधाच्या गाडीवर. कामाच्या जागी भांडतो, नोकऱ्या सोडतो, हा मुलगा आपलाच आहे का या संशयानं आतून कुरतडला जातो. आई घर सांभाळते आणि मुलाला पंखाखाली घेते. मावशी येते, बडबडी, लाल केसांची, कुणाला न भिणारी. ती आली की घरात वारा शिरतो. ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिल भागातून हे कुटुंब मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहायला जातं. तळघराचा काळोख, जिन्यातले वास, गच्चीवर पतंग उडवणारा पोलिश मुलगा, शाळेत पाठांतर घेणारा रब्बी. वर्तमानपत्रात छापून यावं असं यातलं काहीच नाही. कादंबरीच्या चार भागांची नावंसुद्धा घरातल्या आणि रस्त्यावरच्या वस्तूंची आहेत: तळघर, चित्र, कोळसा, रूळ.

आता या पुस्तकातली सगळ्यात अद्भुत गोष्ट.

डेव्हिडच्या घरात बोलतात यिडिश. पूर्व युरोपातल्या ज्यूंची ही भाषा. अंग जर्मन वळणाचं, त्यात हिब्रू आणि स्लाव्ह शब्द मिसळलेले, लिपी हिब्रू. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले, त्यांची घरची भाषा मराठी. ज्यू म्हटलं की एकच एक भाषा समोर आणायची सोय नाही.) रॉथ लिहीत होता इंग्रजीत. मग घरातलं यिडिश इंग्रजी पुस्तकात कसं दाखवायचं? रूढ मार्ग होता परक्या माणसांच्या तोंडी मोडकंतोडकं इंग्रजी घालण्याचा. त्या काळच्या रंगभूमीवर आणि विनोदी गोष्टींत हेच चाले. रॉथनं सगळं उलटं केलं. घरात आई मुलाशी बोलते तेव्हा पानावर येणारं इंग्रजी नितळ, डौलदार, जवळजवळ काव्यमय आहे. आणि हाच मुलगा जिना उतरून रस्त्यावर आला, मित्रांशी खरोखरच्या इंग्रजीत बोलू लागला, की त्या इंग्रजीचे तुकडे तुकडे होतात. उच्चार चेपलेले, व्याकरण सांडलेलं, अक्षरजुळणी अशी की वाचणाऱ्यानं मोठ्यानं म्हणून पाहिल्याशिवाय अर्थ लागू नये.

यातून काय घडतं पाहा. बाहेरच्या जगानं ज्यांना अडाणी, गावंढळ, ‘बाहेरून आलेले’ म्हणून हिणवलं, ती माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या भाषेत किती श्रीमंत आहेत हे वाचकाच्या कानालाच कळतं. कुणी भाषण देत नाही, लेखक मध्ये येऊन वकिली करत नाही. हीच आई इंग्रजीत दोन शब्द बोलायची वेळ आली की गोंधळते, आणि आपण तिला घरात ऐकलेलं असल्यामुळे आपल्याला तो गोंधळ सहन होत नाही. परप्रांतात, परदेशात जाऊन राहिलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक असतं. पण ते नुसत्या शैलीतून, वाक्यांच्या पोतातून जाणवून देणं हे एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला पहिल्याच पुस्तकात साधलं, याचं नवल वाटतं.

भाषांचा खेळ इथे थांबत नाही. हिब्रू ही देवाची भाषा. मुलं ती घडाघडा वाचतात, अर्थ मात्र त्यांना कुणी सांगितलेला नसतो. आणि पोलिश ही मोठ्यांची गुप्त भाषा. आई आणि मावशी स्वयंपाकघरात बसून जुन्या देशातल्या गोष्टी बोलतात. आईच्या तरुणपणी एका ख्रिस्ती माणसाशी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याशी, तिचं प्रेम होतं. डेव्हिड कान टवकारून ऐकतो. नेमक्या नाजूक ठिकाणी दोघी पोलिशमध्ये शिरतात आणि मुलाच्या हातातून धागा निसटतो. मग पुन्हा दोन शब्द यिडिश, पुन्हा पोलिश. वाचकालाही तेवढंच कळतं जेवढं त्या मुलाला कळतं, आणि उरलेल्या भोकांत तो मुलगा स्वतःच्या कल्पना भरतो. त्या कल्पनांमधूनच पुढचा अनर्थ उभा राहतो. आपली आई मेली आणि बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा होता, अशी कथा तो रब्बीला सांगून बसतो. रब्बी घाबरून थेट घरी येतो. बापाच्या मनातल्या जुन्या संशयाला तोंड फुटतं. चोरून ऐकलेल्या अर्ध्या गोष्टीतून एक कुटुंब कोसळायला येतं, आणि यात दुष्ट असं कुणीच नाही.

मग डेव्हिड पळतो. बापाच्या दुधाच्या धंद्यातला धातूचा पळा घेऊन तो त्या ट्रामच्या रुळांपाशी येतो आणि फटीत घालतो. इथे रॉथ एक विलक्षण गोष्ट करतो. मुलाच्या मनात घट्ट बसलेली कादंबरी एकाएकी सगळ्या रस्त्यावर पसरते. दारूच्या गुत्त्यातली गिऱ्हाइकं, पत्ते खेळणारे, धंदेवाल्या बायका, रात्रीचा पहारेकरी, चौकात भाषण करणारा, प्रत्येकाचा आवाज, प्रत्येकाची बोली, एकमेकांना कापत जाणारी वाक्यं. आणि त्यांच्या मधून तिरप्या ठशात मुलाच्या मनातली लखलखती गद्यलय. स्फोट होतो. त्या क्षणी वेगवेगळ्या देशांतून आलेली, एकमेकांची भाषा धड न समजणारी माणसं एका बेशुद्ध पोराभोवती गोळा होतात. डॉक्टर येतो, मूल शुद्धीवर येतं, पोलीस त्याला घरी पोचवतो. बापाच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी ढिलं झालेलं असतं.

हे दृश्य वाचल्यावर ट्रामच्या त्या फटीची माहिती मी मुद्दाम शोधली, आणि मला या कादंबरीबद्दल सगळ्यात जास्त आदर तिथे वाटला. रूळ, उजेड, निखारा, शुद्धी हे सगळं रचलेलं प्रतीक वाटू शकतं, आणि समीक्षकांनी त्यावर पुष्कळ लिहिलंही आहे. पण फट खरी होती. लोअर ईस्ट साइडच्या पोरांच्या पायांखाली खरोखरच वीज वाहत होती. रॉथला आकाशातून काही उतरवून आणावं लागलं नाही. नगरपालिकेच्या एका नियमातून त्यानं देवाचा निखारा काढला.

रॉथचा जन्म १९०६ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या गालिसियाचा. तान्हा असताना तो आईबरोबर न्यूयॉर्कला आला. ब्राउन्सव्हिल, मग लोअर ईस्ट साइड. १९१४ मध्ये कुटुंब हार्लेमला गेलं आणि ज्यू वस्तीची ऊब सुटली ती कायमची, असं तो म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सिटी कॉलेजात शिकत असताना त्याची ओळख एडा लू वॉल्टन यांच्याशी झाली. त्या कवयित्री, न्यूयॉर्क विद्यापीठात साहित्य शिकवणाऱ्या, त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. तो त्यांच्या घरी राहू लागला. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर अमेरिकेत तेव्हा बंदी होती; युरोपातून गुपचूप आलेली प्रत रॉथला त्यांच्यामुळे वाचायला मिळाली. गटारं, जिने, कचऱ्याचे डबे, क्षुल्लक बोलणी यांपासूनही थोर साहित्य होऊ शकतं हे त्या पुस्तकानं त्याला दाखवलं. चार वर्षं खपून लिहिलेली कादंबरी त्यानं वॉल्टननाच अर्पण केली.

पुस्तक आलं ते महामंदीच्या ऐन मध्यावर. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणकर्त्यांनी बरंच कौतुक केलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ‘प्रतिभा कुणी ओळखलीच नाही’ अशी गोड दंतकथा अशा पुस्तकांभोवती लगेच जमते. ओळखली होती. पण रॉबर्ट बालू हा प्रकाशक लहान होता आणि त्याचा धंदा लवकरच बुडाला. पुस्तकाच्या मागे उभं राहणारं, दुकानांत प्रती पोचवणारं कुणी उरलं नाही. पुस्तकं बहुधा अशीच मरतात: टीकेनं नव्हे, गोदामात.

एक घाव मात्र टीकेचा होता. रॉथ स्वतः कम्युनिस्ट पक्षाकडे वळलेला. त्या वर्तुळातलं महत्त्वाचं साप्ताहिक ‘न्यू मासेस’. तिथे १९३५च्या फेब्रुवारीत छोटंसं निनावी परीक्षण आलं: लेखक कामगारांतून आलेला असूनही त्यानं त्या अनुभवाचा काही उपयोग केला नाही, मुलाच्या मनातच घुटमळत बसला. काहींनी त्याच साप्ताहिकात त्याचा प्रतिवाद केला, पण रॉथच्या मनाला ते लागलं. पुढची कादंबरी त्यानं एका कामगार कार्यकर्त्यावर लिहायला घेतली. स्क्रिब्नर्सचे नामांकित संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांना सुरुवातीचा भाग आवडला, करारही झाला. कादंबरी मात्र पुढे सरकेना. शेवटी ती सोडली, हस्तलिखित जाळलं.

पुढची वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत आणि जगायला मात्र फार लांब गेली असणार. १९३९ मध्ये म्युरिएल पार्कर या संगीतरचनाकार तरुणीशी लग्न. बदली शिक्षकाचं काम. युद्धकाळात कारखान्यात अवजारं घासून अचूक मापाची करण्याचं काम. १९४६ मध्ये मेन राज्यात स्थलांतर. मनोरुग्णालयात परिचारक. नंतर बदकं आणि हंस पाळून, कापून, सोलून विकणं. जोडीला लॅटिन आणि गणिताच्या शिकवण्या. शेजाऱ्यांच्या लेखी तो बदकवाला होता.

तो का थांबला, याची कारणं त्यानं स्वतःच वेगवेगळ्या काळी वेगवेगळी दिली. पक्षाच्या अपेक्षांचं ओझं. वस्ती तुटल्यामुळे आतला झरा आटणं. आणि अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या कादंबऱ्यांत त्यानं आपल्या तरुणपणातल्या एका काळ्या कौटुंबिक अपराधाकडे बोट दाखवलं, जो डेव्हिडची गोष्ट पुढे नेली असती तर टाळता आला नसता. मला हे शेवटचं कारण सगळ्यात वजनदार वाटतं. पहिली कादंबरी मूल आठ वर्षांचं असताना थांबते. त्याच्या पुढे लेखकाला पाऊल टाकवत नव्हतं.

आता दुसरी बाजू, वाचकांची. हीच मला अधिक रोमांचक वाटते.

बाजारातून नाहीसं झालेलं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, वाचनालयांच्या मागच्या कपाटांत आणि काही थोड्या लोकांच्या डोक्यात जिवंत होतं. १९५६ मध्ये ‘द अमेरिकन स्कॉलर’ या त्रैमासिकानं काही लेखक-समीक्षकांना विचारलं की गेल्या पंचवीस वर्षांतलं, अन्याय्य रीतीनं दुर्लक्षिलं गेलेलं पुस्तक तुमच्या मते कोणतं? पुष्कळ नावं आली. दोन जणांनी सांगितलेलं एकच पुस्तक निघालं: आल्फ्रेड केझिन आणि लेस्ली फीडलर, दोघांनीही ‘कॉल इट स्लीप’चं नाव घेतलं होतं. केझिन हा ब्राउन्सव्हिलमध्येच वाढलेला. कादंबरीतले रस्ते त्याच्या पायाखालचे. त्याच वर्षी वॉल्टर राइडआउट या अभ्यासकानं अमेरिकेतल्या डाव्या कादंबरीवर ग्रंथ लिहिला आणि या कादंबरीला श्रमिकांच्या साहित्यात सर्वांत वरचं स्थान दिलं. ज्या गोटानं वीस वर्षांपूर्वी नाक मुरडलं, त्याच परंपरेचा इतिहास लिहिणाऱ्यानं ते परत घेतलं, असं म्हणायला हरकत नाही.

स्तुतीनं पुस्तक छापलं जात नाही. त्यासाठी कुणीतरी लेखकाला शोधावं लागतं. ते काम हॅरल्ड रिबलो या संपादक-लेखकानं केलं. १९५९ मध्ये त्यानं मेनमधल्या त्या बदकांच्या शेतावर रॉथला गाठलं. यात एक कोरडा वाटणारा कायदेशीर मुद्दा आहे आणि तो कळीचा आहे. अमेरिकेत तेव्हा लेखनहक्क अठ्ठावीस वर्षांचा असे. मुदत संपताना लेखकानं नव्यानं अर्ज केला तर आणखी अठ्ठावीस वर्षं, नाहीतर पुस्तक सार्वजनिक. १९३४च्या पुस्तकाची घटका १९६२ मध्ये भरत होती. लेखकाला आपल्या पुस्तकाची आठवणही नकोशी झालेली असताना कुणी जागं केलं नसतं, तर पुढच्या लाखो प्रतींवर त्या गरीब माणसाचा एका पैशाचा हक्क राहिला नसता. १९६० मध्ये रिबलोच्या प्रस्तावनेसह कापडी बांधणीची आवृत्ती निघाली. फीडलरनं ‘कॉमेंटरी’ मासिकात त्यावर लेख लिहिला. खप बेताचाच राहिला.

मग १९६४. एव्हन या स्वस्त आवृत्त्या काढणाऱ्या कंपनीत पीटर मेयर नावाचा तरुण संपादक होता. हाच पुढे पेंग्विनचा प्रमुख झाला. त्यानं पुस्तक कागदी बांधणीत काढलं. आणि २५ ऑक्टोबर १९६४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक-पुरवणीच्या पहिल्या पानावर आर्विंग हाउ यांचं परीक्षण आलं. कागदी बांधणीच्या पुनर्मुद्रणाला त्या पुरवणीचं पहिलं पान त्याआधी कधी मिळालं नव्हतं. तोवर अशा आवृत्त्या म्हणजे औषधाच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवरचा, प्रवासात वाचून टाकायचा माल अशी समजूत होती. त्या एका पानानं पुस्तकाची आणि त्या स्वस्त आवृत्तीची अशा दोघांची पायरी बदलली.

हाउनं काय पाहिलं? लेखक मुलाच्या मनावर पूर्ण विश्वास टाकतो, त्याला गोंडस करत नाही, आणि गरिबीवर अश्रू ढाळत नाही. १९३५ मध्ये जो दोष ठरला, तोच १९६४ मध्ये गुण ठरला. मला यात काळाचा लहरीपणा दिसत नाही. मंदीच्या दिवसांत लोक रांगेत उभे राहून भाकरी घेत होते; तेव्हा एका मुलाच्या काळोखाच्या भीतीवर चारशे पानं ही चैन वाटली असेल. तीस वर्षांनी त्या वस्त्यांतली पोरं शिकून, नोकऱ्यांना लागून दूरच्या उपनगरांत गेली होती. आईबापांची भाषा त्यांच्या तोंडून गेली होती आणि युरोपातल्या तिच्या बोलणाऱ्यांची तर कत्तल झाली होती. स्वयंपाकघरातला तो आवाज इतक्या सन्मानानं दुसरीकडे कुठेच टिकलेला नव्हता. पुस्तक वाचकांच्या आधी पोचलं होतं. वाचक मागून आले.

आणि रॉथ? यश आलं, थोडे पैसे आले, पत्रकार बदकांचे फोटो काढायला आले. लेखणी लगेच उघडली नाही. १९६८ मध्ये नवरा-बायको न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेले. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, तरी संगणकावर तो हजारो पानं लिहीत राहिला. दुसरी कादंबरी आली ती १९९४ मध्ये, पहिलीनंतर साठ वर्षांनी. ‘मर्सी ऑफ अ रूड स्ट्रीम’ या मालिकेचा तो पहिला भाग. दुसरा भाग पुढच्याच वर्षी निघाला, आणि १९९५च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, तो गेला. उरलेले दोन भाग त्याच्यामागे छापले गेले. त्या पुस्तकांत पहिलीची लय नाही, भाषा खडबडीत आहे, पण सत्तरी-ऐंशीत बसून स्वतःला सोडवत जाण्याचं धैर्य आहे, आणि ते मला कमी मोलाचं वाटत नाही.

१९९१ मध्ये ‘कॉल इट स्लीप’ नव्यानं निघाली तेव्हा प्रस्तावना आल्फ्रेड केझिननं लिहिली. एका प्रश्नावलीच्या उत्तरात त्यानं तिचं नाव लिहिलं त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. ती इंग्रजी आवृत्ती आज सहज मिळते. वाचायला घेतलीत तर रस्त्यावरच्या पोरांच्या संवादांपाशी अडखळून पुस्तक मिटू नका. ती पानं मोठ्यानं वाचा. डोळ्यांना जो कचरा दिसतो, तो कानाला लागलीच माणसांचा आवाज होतो, आणि मग आईच्या तोंडचं पुढचं वाक्य येतं तेव्हा घरात शिरल्यासारखं वाटतं.